बोलणारे लाख, उत्तर देणारा कोण?

(माहुल येथे झालेल्या स्मृती-व्याख्यानाचा मजकूर)



समाजमाध्यमे आणि लोकशाही या विषयावर बोलायला तुम्ही मला बोलावलेत. बोलावताना कार्यकर्त्यांनी एवढेच बजावले की परदेशातल्या निवडणुकांची गोष्ट नको, आमच्या दारातली सांगा. मला ते मनापासून आवडले. या विषयाचे बहुतेक धागे माहुलमध्येच येऊन गुंतलेले आहेत.

ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते गुरुजी पालिकेच्या शाळेत शिकवून संध्याकाळी नाक्यावरचा वार्ताफलक लिहीत. काळ्या फळ्यावरची ती खडूची चार वाक्ये वाचायला येणारे-जाणारे थांबत आणि चूक दिसली की गुरुजींना तिथेच अडवत. ‘पाणी उद्या येणार असं कुणी सांगितलं तुम्हाला?’ गुरुजी हातातला खडू तसाच धरून उत्तर देत, वेळ पडली तर ओळ पुसून पुन्हा लिहीत. आज मला जे सांगायचे आहे ते त्या अडवण्याविषयी आणि त्या उत्तराविषयी आहे.

माहुल हे मूळचे कोळ्यांचे गाव. खाडी, कांदळवन, थंडीत चिखलावर उतरणारे रोहित पक्षी. 1954-55 च्या सुमारास गावाशेजारी दोन तेलशुद्धीकरण कारखाने उभे राहिले. पुढे राष्ट्रीयीकरणानंतर एक हिंदुस्थान पेट्रोलियम झाला, दुसरा भारत पेट्रोलियम. मग खतांचा कारखाना आला, वीज केंद्र आले, रसायने साठवण्याच्या टाक्या आल्या. मुंबईच्या गाड्या आणि दिवे ज्यावर चालतात त्यातले बरेच काही या टापूतून जाते. शहराला जे हवे पण शेजारी नको, ते इथे आले. आणि मग ज्या माणसांना शहरात जागा उरली नाही, तीही इथेच आणली गेली. प्रकल्पग्रस्तांसाठी 72 इमारती, 17,205 खोल्या. 2017 साली तानसा जलवाहिनीलगतच्या झोपड्या न्यायालयाच्या आदेशानुसार हटवल्या गेल्या, तेव्हा विद्याविहार-घाटकोपरकडच्या हजारो कुटुंबांच्या हातात माहुलच्या खोलीच्या चाव्या पडल्या.

आता एक तारीख नीट लक्षात घ्या. 18 डिसेंबर 2015. या दिवशी राष्ट्रीय हरित लवादाच्या पुण्यातील खंडपीठाने अंबापाडा आणि माहुलच्या रहिवाशांच्या आरोग्याला इथल्या हवेमुळे धोका असल्याचे आपल्या निकालात नोंदवले होते. इथल्याच रहिवाशांनी 2014 साली केलेल्या अर्जावरचा तो निकाल होता. म्हणजे माणसे आणली गेली तेव्हा हवेविषयीचा निष्कर्ष दप्तरात येऊन वर्ष उलटून गेले होते. कुणाला माहीत नव्हते असे म्हणायला जागाच नाही.

त्याच सुमारास दुसरी एक गोष्ट घडत होती. सप्टेंबर 2016 मध्ये जिओ बाजारात आले आणि मोबाइलचा डेटा जवळजवळ फुकट झाला. माहुलला ज्यांचे बस्तान हलले त्यांची चाळ गेली, शेजार गेला, नळावरची आणि ओट्यावरची बैठक गेली, मुलांच्या शाळा लांब पडल्या. पण खिशातला फोन सोबत आला. विस्कटलेली वस्ती व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर पुन्हा जमली. हे लहान काम नव्हते, आणि समाजमाध्यमांवर टीका करणाऱ्या माझ्यासारख्याने ते आधी मान्य केले पाहिजे.

यातल्या एका इमारतीच्या जिन्यात बसून एका ताईंनी मला आपला फोन दाखवला होता. रात्रीचा सव्वाअकराचा निरोप: ‘कुणाकडे वास येतोय का?’ खाली लगेच: ‘आमच्या विंगला पण.’ ‘बाळाला उलटी झाली.’ ‘खिडक्या लावून घ्या.’ ‘लावल्यात, तरी येतोय.’ मग कुणीतरी अंधारातल्या चिमणीचा फोटो टाकलेला, ज्यात लांबवर एक पिवळा ठिपका आणि बाकी काळोख. ताईंच्या मुलाने तोच फोटो एका सरकारी खात्याला उद्देशून ट्विटरवर टाकला होता. उत्तर आले होते: आपली तक्रार संबंधित विभागाकडे पाठवण्यात आली आहे. पुढच्या महिन्यात पुन्हा फोटो, पुन्हा तेच उत्तर, शब्दही तेच.

त्या फोटोत काय नव्हते? वास. मोबाइलवरून वास जात नाही. गटाराचे तुंबलेले पाणी दिसते, पडके छत दिसते, पण बेंझिन, टोल्युइन, झायलीन यांसारख्या बाष्पांनी भरलेली हवा छायाचित्रात स्वच्छच दिसते. 8 ऑगस्ट 2018 रोजी भारत पेट्रोलियमच्या कारखान्यात स्फोट होऊन आग लागली, तेव्हा धुराचे लोट साऱ्या मुंबईने आपापल्या फोनवर पाहिले. त्या दिवशी माहुल सगळीकडे होते. त्याच्या आदल्या दिवशी खोकणारे मूल कुठेही नव्हते आणि आठवड्यानंतरही नव्हते. जे दिसते, दचकवते आणि नवे असते तेच या माध्यमात तरते. माहुलचे दुखणे जुने आहे, रोजचे आहे आणि न दिसणारे आहे. या कंपन्यांचे उत्पन्न जाहिरातींवर चालते. माणूस पडद्यावर जितका रेंगाळेल तितके बरे. दोनशेव्यांदा ‘आज पण वास येतोय’ असे लिहिणाऱ्याकडे रेंगाळायला कोण थांबणार?

याच्या शेजारी दुसरी एक गोष्ट ठेवून पाहा. 2013 साली केईएम रुग्णालयाच्या तज्ज्ञांनी इथे आरोग्य पाहणी केली. घरोघरी जाऊन विचारले. 67.1 टक्के लोकांनी महिन्यातून तीनपेक्षा अधिक वेळा दम लागतो असे सांगितले, 84.5 टक्क्यांनी घुसमटल्यासारखे होते म्हणून सांगितले, 86.6 टक्क्यांनी डोळ्यांची जळजळ. इथे शेकडो माणसांनी एकच गोष्ट सांगितली, आणि ती एकच असल्यामुळे तिला वजन आले. फोनच्या पडद्यावर जे तेच-तेच म्हणून बुडून जाते, ते लवादापुढे तेच-तेच असल्यामुळे पुरावा ठरले. ऑगस्ट 2020 मध्ये लवादाने चार कंपन्यांवर मिळून सुमारे 286 कोटी रुपयांची पर्यावरण भरपाई लावली, त्याच्या मुळाशी अशा कंटाळवाण्या, चिकाटीच्या नोंदी आहेत.

एकीकडे नुसते बोलणे आहे. दुसरीकडे असे बोलणे आहे ज्याला कुणीतरी उत्तर देणे लागते. माझ्या मते लोकशाहीचा जीव या दुसऱ्या प्रकारात आहे, आणि समाजमाध्यमांनी पहिला प्रकार अफाट वाढवला असला तरी दुसऱ्याला हातसुद्धा लावलेला नाही. माहिती अधिकाराचा दहा रुपयांचा अर्ज घ्या. 2005 च्या कायद्याने त्याला तीस दिवसांत उत्तर द्यावेच लागते. नाही दिले तर अधिकाऱ्याला दिवसाला 250 रुपये दंड होऊ शकतो, 25,000 पर्यंत. तो अर्ज लाखभर लोक वाचत नाहीत. एकच माणूस वाचतो, पण त्याला तो वाचावा लागतो. ट्विट लाखभर लोक वाचतात आणि त्यातल्या एकावरही काही बंधन नसते. माहिती अधिकारातही उत्तरे टाळली जातात, अपिले तुंबतात, हे मला ठाऊक आहे. पण टाळणाऱ्याला तिथे निदान टाळण्याचे कारण लेखी द्यावे लागते.

मुंबईने हा धडा फार पूर्वी गिरवलेला आहे. 1877 साली कृष्णराव भालेकरांनी पुण्यात सुरू केलेले ‘दीनबंधू’ पुढे नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत चालवले. गिरणी कामगारांची हकिगत त्या पत्रात येऊ लागली. लोखंडे छापण्यावर थांबले असते तर गिरणीमालकांनी ते पत्र वाचायचेही कारण नव्हते. 1884 मध्ये त्यांनी कामगारांच्या सभा भरवल्या आणि सुमारे 5,500 कामगारांच्या सह्यांचे निवेदन फॅक्टरी कमिशनपुढे ठेवले. 24 एप्रिल 1890 रोजी महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर दहा हजारांच्या आसपास कामगार जमले. त्या सभेत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. आणि 10 जून 1890 पासून गिरण्यांना रविवारची सुट्टी मिळाली. छापील पत्र, सभा, सह्या, आणि मग उत्तर द्यायला भाग पडलेला मालक, असा तो क्रम होता. यातली पहिली पायरी आज फोनने फार सोपी केली आहे. पुढच्या तीन पायऱ्या आपल्याकडून गाळल्या जात आहेत, ही माझी तक्रार आहे.

जर्मन विचारवंत युर्गेन हाबरमास यांनी 1962 साली सार्वजनिक अवकाशाविषयी मांडणी केली. वृत्तपत्रे, कॉफीघरे, मंडळे यांमधून नागरिक एकत्र येऊन राज्यकारभाराची चर्चा करू लागले आणि सत्तेला जाब विचारू लागले, हे त्यांनी युरोपच्या इतिहासातून दाखवले. पुढे नॅन्सी फ्रेझर यांनी विचारले, की त्या कॉफीघरात कामगार कुठे होता आणि बायका कुठे होत्या? आपल्याला हा प्रश्न परका नाही. ‘दर्पण’ 1832 चे, पण बाबासाहेबांना ‘मूकनायक’ काढावे लागले 31 जानेवारी 1920 ला, कारण मधल्या अठ्ठ्याऐंशी वर्षांत मराठी वृत्तपत्रसृष्टी कितीही बहरली तरी अस्पृश्यांचे म्हणणे तिच्यात मावत नव्हते. आज माहुलच्या जिन्यात बसून एखादी बाई कुणा संपादकाच्या मेहरबानीशिवाय आपले म्हणणे जगापुढे मांडू शकते. ‘मूकनायक’ काढणाऱ्याने याचे मोल ओळखले असते. म्हणूनच समाजमाध्यमे बंद करा, त्यांच्यावर सरकारी पहारा बसवा, असे म्हणणाऱ्यांच्या ओळीत मी उभा राहणार नाही.

त्या पहाऱ्याचा अनुभव आपल्या शेजारी पालघरने घेतला आहे. नोव्हेंबर 2012 मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद राहिली, त्याविषयी एका तरुणीने फेसबुकवर प्रश्न केला. दुसरीने तो मजकूर आवडल्याची खूण केली. दोघींना अटक झाली. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम 66 अ त्यांना लावले गेले. ते कलम सर्वोच्च न्यायालयाने 24 मार्च 2015 रोजी घटनाबाह्य ठरवून रद्द केले. त्यानंतर 2023 मध्ये केंद्र सरकारने आपल्या कारभाराविषयीचा कोणता मजकूर खोटा हे ठरवणारे पथक नेमण्याचा नियम केला; तो मुंबई उच्च न्यायालयाने 20 सप्टेंबर 2024 रोजी रद्द केला. ज्याला उत्तर द्यायचे आहे त्यानेच प्रश्न खरा की खोटा हे ठरवायचे, ही व्यवस्था लोकशाहीत चालत नाही.

पण मोकळे सोडलेले बोलणे आपोआप लोकशाही होते, असेही समजू नका. 1 जुलै 2018. धुळे जिल्ह्यातले राईनपाडा. मुले पळवणारी टोळी आल्याची अफवा त्या काळात फोनवरून गावोगाव फिरत होती. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची भिक्षेकरी माणसे आठवडी बाजारात आली. जमावाने त्यांना पकडले, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडले आणि पाच जणांना ठार मारले. मी त्या खोलीपाशी अडखळतो. जिथे गावाने बसून बोलायचे, परक्या माणसाला ‘तू कोण, कुठला’ असे विचारायचे आणि त्याचे उत्तर ऐकायचे, ती जागा तिथेच होती, चार भिंतींची, पक्की. अफवा फोनवरून आली होती आणि तिला कुणी अडवले नव्हते. पुढे पाठवणाऱ्याला ‘तुला कुणी सांगितलं?’ असे विचारायला कुणी समोर नव्हते. त्या महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. पाच माणसे गेल्यावर पाचाची मर्यादा आली. ती मर्यादा योग्यच होती, पण तेवढ्याने गावात विचारणा करण्याची सवय परत येत नाही.

आता पुन्हा मुंबईकडे येतो. 7 मार्च 2022 रोजी मुंबई महापालिकेतल्या लोकप्रतिनिधींची मुदत संपली आणि कारभार प्रशासकाकडे गेला. पुढची निवडणूक व्हायला जानेवारी 2026 उजाडला. जवळपास चार वर्षे देशातल्या सर्वांत श्रीमंत महापालिकेत एकही नगरसेवक नव्हता. या काळात नागरिकांना काय सांगितले गेले? तक्रार असेल तर वॉर्डाच्या खात्याला ट्विट करा, ॲपवर फोटो टाका. खड्डे त्यातून बुजलेही असतील. पण मला यात मोठा धोका दिसतो. सभागृहात प्रश्न विचारणारा प्रतिनिधी नाहीसा झाला आणि त्याच्या जागी तक्रार क्रमांक आला. तक्रार क्रमांक एकेका माणसाचा असतो. माझा खड्डा, तुमचा दिवा, तिचे गटार. 17 हजार खोल्यांची वस्ती मुळात इथे का वसवली, हा प्रश्न कुठल्या ॲपवर टाकायचा? त्याला रकाना नाही. नागरिकाचा ग्राहक झाला की त्याची तक्रार निकाली निघू शकते, त्याचा प्रश्न निघत नाही.

माहुलच्या रहिवाशांनी तो प्रश्न ॲपबाहेर नेला. ऑक्टोबर 2018 च्या अखेरीस, जिथून त्यांची घरे पाडली गेली त्या विद्याविहारच्या जलवाहिनीलगत, रस्त्याच्या कडेला ही माणसे धरणे धरून बसली. ‘जीवन बचाओ आंदोलन’ हे त्याचे नाव. मेधाताई पाटकर आणि ‘घर बचाओ घर बनाओ’चे कार्यकर्ते सोबत होते. ऊन, पाऊस, पोरेबाळे घेऊन बायका बसल्या. माहुलला आल्यापासून शंभरावर माणसे दगावली, असे हे लोक सांगत होते. त्या धरण्याची छायाचित्रे फोनवरून सगळीकडे गेली, कॉलेजची मुले ती पाहून येऊन बसली, वार्ताहर आले. फोनने इथे आपले काम चोख केले, कारण फोनच्या मागे बसलेली माणसे होती आणि माणसांच्या मागे न्यायालयातला खटला होता. 23 सप्टेंबर 2019 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने सांगितले की या लोकांना माहुलला राहायची सक्ती करता येणार नाही. दुसरीकडे राहण्यासाठी प्रत्येक कुटुंबाला महिना 15,000 रुपये भाडे आणि 45,000 रुपये अनामत द्या. सरकारला आणि पालिकेला त्या दालनात उभे राहून बोलावे लागले होते. ‘संबंधित विभागाकडे पाठवले आहे’ हे उत्तर तिथे चालत नव्हते.

पण दर वासासाठी उच्च न्यायालय गाठायचे का? वर्षभर रस्त्यावर बसण्याची ताकद प्रत्येक वस्तीत असते का? नसते, आणि तशी ती असावी लागू नये. म्हणून मी गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा या गावाचे नाव घेतो. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासारख्या माणसांनी तिथे अभ्यास गट आणि ग्रामसभा अशी जोडी जमवली. विषय आधी अभ्यास गटात उलटसुलट बोलला जातो, मग ग्रामसभेत सर्वांच्या संमतीने ठरतो. फार वेळ लागतो. एखादा विषय कितीदा मागे ठेवावा लागतो. आणि त्याच सभेने 2009 साली 1,800 हेक्टर जंगलावरचा सामूहिक हक्क मिळवला. खेड्याला राज्यघटनेने ग्रामसभा दिली आहे. अधिकारी तिथे येतो, प्रश्न ऐकतो, इतिवृत्तात ठराव लिहिला जातो. माहुल मुंबईत आहे म्हणून माहुलला ते नाही. मेंढा-लेखाहून कित्येक पट माणसे इथल्या इमारतींच्या एकेका रांगेत राहतात आणि त्यांना एकत्र बसून जाब विचारण्याची कायदेशीर जागा नाही.

खरे तर आहे. 2009 साली महाराष्ट्राच्या महापालिका कायद्यांत क्षेत्रसभेची तरतूद झाली. मतदान केंद्रांच्या परिसरातल्या मतदारांनी एकत्र बसायचे, नगरसेवकाने उपस्थित राहायचे, परिसराची कामे आणि तक्रारी तिथे मांडायच्या. तुमच्यापैकी किती जण अशा सभेला गेले आहेत? हात वर करा. एकही हात दिसत नाही, आणि या सभागृहातच नव्हे, मुंबईत कुठेही विचारले तरी फारसे वेगळे चित्र दिसणार नाही.

तर माझी मागणी एवढीच आहे. तुमचा ग्रुप चालू ठेवा. वास आला की वेळ, इमारत आणि वाऱ्याची दिशा लिहा, महिन्याच्या शेवटी ते सगळे वहीत उतरवा. ती वही ज्या सभेत वाचली जाईल ती सभा मागा. नवे नगरसेवक आता निवडून आले आहेत. त्यांच्याकडे लेखी मागा की माहुलची पहिली क्षेत्रसभा अमुक तारखेला भरेल, तिथे वॉर्डाचा अधिकारी आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाचा माणूस येईल आणि हवेच्या नोंदी मराठीत वाचून दाखवील. त्या मागणीच्या पत्राचा मसुदा मी लिहून आणला आहे. सोबत माहिती अधिकाराचा एक अर्जही आहे, इथल्या हवेच्या मोजणीच्या नोंदी मागणारा. दोन्हींच्या प्रती दाराजवळच्या टेबलावर आहेत. जाताना घ्या, सही करा, आणि शेजाऱ्यासाठी एक जास्तीची न्या.